सर्फ संगीतात रिदम गिटार नेमकी वाजवायची कशी?

तारेवरची_कसरत (धागाकर्ता)

मंडळी, आमचा चौघांचा छोटा बँड आहे. दोन गिटार, एक बेस आणि ड्रम्स. गाणारं कुणी नाही, म्हणून नुसतं वाद्यसंगीतच वाजवायचं ठरलं आणि ऐकता ऐकता सगळेच १९६०च्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या सर्फ संगीताच्या प्रेमात पडलो. लीड, म्हणजे मुख्य धून, वाजवणारा मित्र खूश आहे, कारण त्याच्यासाठी नेटवर ढिगानं धडे आहेत. माझ्या वाट्याला रिदम, म्हणजे कॉर्डची साथ, आली आहे. कॉर्ड अवघड नाहीत, बऱ्याच धुनांत तीन-चारच आहेत. पण मी वाजवायला लागलो की सगळं सहलीच्या बसमधल्या गाण्यांसारखं वाटतं. तो धारदार, धावता आवाज येतच नाही.

उजव्या हातानं नक्की काय करायचं? ठरलेले पॅटर्न असतात का? 'खाली-वर' अशा भाषेत कुणी समजावून सांगेल का?

सहा_तारा

विषय काढलात ते फार बरं झालं. रिदमबद्दल कुणी विचारतच नाही, आणि सर्फचा अर्धा जीव तिथेच आहे.

पॅटर्नकडे वळण्याआधी गिटार बाजूला ठेवा आणि फक्त ड्रम्स ऐका. सर्फचा ठरलेला ठेका चार मात्रांचा. 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि' असं मोजा. एक आणि तीनवर बेस ड्रम. दोनवर स्नेअर, लगेच पुढच्या 'आणि'वर पुन्हा स्नेअर, मग चारवर एकदाच. तोंडानं म्हणाल तर: धूम्, टक-टक, धूम्, टक. हा ठेका न चुकता म्हणता आला की निम्मं काम झालं, कारण रिदम गिटार त्या 'टक-टक'शी बांधलेली असते.

आता हात. सुरुवात अशी करा:

खाली, खाली-वर, खाली, खाली.

म्हणजे एकवर डाउनस्ट्रोक, दोनवर डाउनस्ट्रोक आणि त्याच्या 'आणि'वर अपस्ट्रोक, मग तीन आणि चारवर एकेक डाउनस्ट्रोक. मनगट मात्र आठही जागांवर सारखं खाली-वर चालत राहिलं पाहिजे. जिथे आवाज नको तिथे पिक तारांना न लागता वरून जातं. हात मध्येच थांबवून पुढच्या मात्रेवर पुन्हा उचललात की वेग वाढला रे वाढला की लय फाटते.

एवढं जमलं की जोर कुठे द्यायचा ते पाहा. एक आणि तीन दबके, दोन आणि चार मोकळे. दबके म्हणजे उजव्या तळव्याची कड ब्रिजला (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीला) जेमतेम टेकलेली. फार पुढे सरकलात तर नुसता 'थप्प' येतो, सूर उरत नाही. ब्रिजच्या धातूवर अर्धी आणि तारांवर अर्धी, अशी कड ठेवून बघा.

पण खरं सांगू का, तुमचा प्रश्न उजव्या हाताचा नसावा असा मला दाट संशय आहे. सहलीची गाणी आणि सर्फ यांच्यात फरक पडतो तो डाव्या हातानं. ओपन कॉर्ड (जिच्यात काही तारा न दाबता मोकळ्या वाजतात ती) धरून स्ट्रम केलं की तारा पुढची कॉर्ड येईपर्यंत घुमत राहतात. सर्फमध्ये तसं चालत नाही. बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून घेतलेली) धरा, स्ट्रोक मारा आणि आवाज निघाला की लगेच बोटांचा दाब सैल करा. बोटं तारांवरच राहू द्या, फक्त दाब काढा. आवाज तिथल्या तिथे कापला जातो. दाब, सोड, दाब, सोड. पॅटर्न तोच राहतो, पण स्वर किती वेळ जिवंत ठेवायचा हे डावा हात ठरवतो. माझ्या मते सर्फ रिदमचं मर्म एवढंच आहे.

थाप

मी ड्रम्स वाजवतो. वरच्या प्रतिसादाला दोन्ही हातांनी अनुमोदन.

एक भर घालतो. रिदम गिटारवाल्यांची सवय असते की वेग वाढला की दोनच्या 'आणि'वरचा अपस्ट्रोक घाईनं उरकायचा. मग माझी दुसरी 'टक' आणि गिटारचा 'वर' यांत फट पडते आणि सगळा ठेका लंगडतो. यावर उपाय म्हणजे मेट्रोनोम चारही मात्रांवर न लावता फक्त दोन आणि चारवर लावा. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीपासून सुरू करा आणि हात अजिबात आखडला नाही तरच पाच-पाचनं वर जा. १६०च्या आसपास पोचलात तर बहुतेक धुना आवाक्यात येतात.

आणि सरावाला ड्रमरशेजारी उभे राहा. अँपशेजारी नको. स्नेअरवर पडणारी काठी डोळ्यांना दिसली पाहिजे.

तारेवरची_कसरत

सहा_तारा, दाब-सोडवाली गोष्ट आत्ताच करून बघितली. आवाज एकदम बदलला! मी आजवर ए मायनर, जी, एफ, ई सगळं पहिल्या तीन पट्ट्यांतच (फ्रेटमध्येच) वाजवत होतो. पाचव्या पट्टीवर बार धरून ए मायनर घेतली आणि दाब सोडला, तर लगेच तो कोरडा 'चक्' आला.

आता पुढचा प्रश्न. 'वॉक, डोन्ट रन'साठी हाच पॅटर्न चालेल का? आणि ते घोड्याच्या टापांसारखं 'टग-डग टग-डग' कुठून येतं?

सहा_तारा

'वॉक, डोन्ट रन' हा तर रिदमचा उत्तम धडा आहे. मूळ रचना जॉनी स्मिथ या जॅझ गिटारिस्टची, १९५४ची. व्हेंचर्स या बँडनं ती १९६०मध्ये वाजवली आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेली. त्यांचा रिदम गिटारिस्ट डॉन विल्सन. ए मायनर, जी, एफ, ई अशा कॉर्ड पायऱ्या उतरत येतात. बार कॉर्ड असतील तर पाचवी, तिसरी, पहिली पट्टी, आणि शेवटी ओपन ई. इथेच फसगत होते. पहिल्या तीन कॉर्ड डाव्या हातानं कापता येतात, पण ओपन ईला सोडायला दाबच नसतो, त्यामुळे ती एकटीच घुमत राहते. तिथे तळव्याची कड लगेच तारांवर आणायची, किंवा ई सातव्या पट्टीवर बार धरून घ्यायची. मी दुसरा मार्ग घेतो.

व्हेंचर्स हे वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे. १९६०ची ती रेकॉर्ड सर्फ नाहीच, सर्फची लाट यायच्या आधीची आहे. पण त्यांनीच १९६४ मध्ये तीच धून सर्फच्या बाजानं पुन्हा रेकॉर्ड केली आणि तीही पहिल्या दहांत पोचली. दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐका. कॉर्ड त्याच, धून तीच, बदलला तो ठेका आणि गिटारचा पोत. तुमच्या मूळ प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला शब्दांत देता येणार नाही.

आता टापा. त्याला गॅलप म्हणतात. एका मात्रेचे चार भाग करा. पहिल्या भागावर खाली, दुसरा रिकामा, तिसऱ्यावर खाली, चौथ्यावर वर:

खाली – खालीवर, खाली – खालीवर.

हात चारही भागांवर चालतोच, दुसऱ्या भागाचा 'वर' तेवढा हवेतून जातो. गॅलप सहाही तारांवर मारू नका, गढूळ होतो. जाड दोन-तीन तारांवर, तळवा टेकवून, पिकचं जेमतेम टोक बाहेर ठेवून. सलग चार आवर्तनं गॅलप आणि मग वरचा साधा पॅटर्न असं आलटून पालटून केलंत तर धून श्वास घेते. अख्खी धून गॅलपवर चालवणं मला तरी पटत नाही, ऐकणारा दमतो.

रिव्हर्बप्रेमी

हे सगळं ठीक, पण एवढी चर्चा झाली आणि स्प्रिंग रिव्हर्बचं, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या उपकरणाचं, नावही नाही? सर्फचा आवाज म्हणजे तो ओला, ठिबकणारा आवाजच ना? तारेवरची_कसरत यांना तो सापडत नसेल तर आधी दोन्ही गिटारना भरपूर रिव्हर्ब लावून बघा. पॅटर्न नंतर.

सहा_तारा

रिव्हर्बप्रेमी, लीडसाठी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. रिदमसाठी मात्र ठाम असहमत. कारण सांगतो.

स्प्रिंग रिव्हर्बच्या पेटीत खरोखरच स्प्रिंगा असतात. गिटारचा सिग्नल त्यांना एका टोकाला हलवतो आणि दुसऱ्या टोकाला ती थरथर पुन्हा उचलली जाते. आघात जितका तीक्ष्ण आणि त्यानंतरची शांतता जितकी स्वच्छ, तितकं ते ठिबकणं उठून दिसतं. म्हणून लीडवाला दबक्या, तुटक सुरांत वाजवतो. आता त्याच स्प्रिंगांत तुम्ही एका आवर्तनात आठ वेळा अख्खी कॉर्ड घातलीत तर त्या शांत कधी होणार? सगळ्याचा चिखल होतो. त्यात लीडचंही ठिबकणं बुडतं.

इतिहासही हेच सांगतो. सर्फ गिटारिस्ट डिक डेलची 'लेट्स गो ट्रिपिन' आणि बेलेअर्स या बँडची 'मिस्टर मोटो', दोन्ही १९६१ची. सर्फ वाद्यसंगीत जिथून सुरू झालं असं मानतात त्या या रेकॉर्ड, आणि दोन्ही कोरड्या आहेत. गिटार आणि अँप बनवणाऱ्या फेंडर कंपनीची वेगळी रिव्हर्ब पेटी १९६१ मध्ये बाजारात आली, डेलच्या त्या गाजलेल्या ओल्या आवाजाचा काळ त्यानंतरचा. म्हणजे रिव्हर्ब यायच्या आधीही सर्फ होतं, आणि ते उभं होतं ठेक्यावर. बेलेअर्समध्ये पॉल जॉन्सन आणि एडी बर्ट्रांड हे दोन गिटारवाले एकमेकांत जसे गुंफून वाजवतात ते मुद्दाम ऐका. कोण लीड आणि कोण रिदम हा भेद विसरायला होतो.

रिव्हर्बप्रेमी

स्प्रिंगांचं स्पष्टीकरण पटलं. पण 'पाइपलाइन'चं काय? तिथे तर सगळंच पाण्याखाली असल्यासारखं आहे.

सहा_तारा

'पाइपलाइन' तर माझ्याच बाजूनं साक्ष देते! शँटेज ही सँटा अ‍ॅना इथल्या शाळकरी मुलांची मंडळी. १९६३ मध्ये ही रेकॉर्ड देशभर गाजली. तिचं मिश्रण नीट ऐका. बेस, इलेक्ट्रिक पियानो आणि रिदम गिटार पुढे आहेत, लीड गिटार आणि ड्रम्स मागे. सहसा असतं त्याच्या बरोबर उलट. सुरुवातीची ती जाड तारेवरून घसरत येणारी सरसर संपली की जे धावायला लागतं, तीच त्या धुनेची ओळख आहे. लीड येते, जाते. लक्षात राहतो तो खालचा धावता ठेका.

रिदमला रिव्हर्ब अगदी वर्ज्य नाही. चिमूटभर असू द्या. पण लीडवाल्याचा रिव्हर्ब बंद केल्यावरच तुमचा ऐकू यावा, इतकाच.

ऑरेंज_काउंटीकर

वाचतेय, फार छान चाललाय धागा. मी गेली काही वर्षं अर्व्हाइनला राहते. डिक डेल जिथे वाजवायचा ती जागा इथून जवळच, न्यूपोर्ट बीचच्या बाल्बोआ पट्टीवर. राँदेव्हू बॉलरूम नाव होतं. १९६६च्या आगीत ते गेलं, आता तिथे घरं आहेत आणि समोर पॅसिफिक.

तिथे गेल्यावर एक गोष्ट लक्षात येते ती अशी की हे संगीत बसून ऐकायचं नव्हतंच. हजारो पोरं एका लाकडी जमिनीवर 'स्टॉम्प' नावाचा पाय आपटत करायचा नाच करायची. म्हणजे ठेका पायांपर्यंत पोचायला हवा होता. डेलला लिओ फेंडरच्या अँपमधून एवढा मोठा आवाज काढायचा होता की एकामागून एक अँप जळाले, आणि त्यातून शोमन अँप जन्माला आला, ही गोष्ट इथल्या जुन्या वादकांच्या तोंडी अजून आहे. सहा_तारा म्हणतात तो कोरडा, कापलेला आवाज एवढ्या मोठ्या दालनातच जास्त कामाचा. दालन स्वतःच घुमत असणार, त्यात रिदमही घुमायला लागली तर नाचणाऱ्याला सम सापडायची नाही.

संवादिनी

मी गिटार वाजवत नाही, पेटी वाजवते, पण या धाग्यात एक भर घालावीशी वाटते. डिक डेलची १९६२ची 'मिसिरलू' ऐकताना मी दचकलेच होते. ई हा षड्ज धरा. पुढे एफ म्हणजे कोमल रिषभ, जी शार्प शुद्ध गंधार, ए शुद्ध मध्यम, बी पंचम, सी कोमल धैवत आणि डी शार्प शुद्ध निषाद. हे सरळसरळ भैरवाचे स्वर आहेत! धून पूर्व भूमध्य सागराच्या भागातली, पारंपरिक, १९२७ पासून तिच्या रेकॉर्ड आहेत. डेलचे वडील लेबनीज वंशाचे, घरात ऊद हे तंतुवाद्य आणि दरबुका हे तालवाद्य वाजायचे.

भैरवातलं रिषभ-धैवताचं आंदोलन तिथे नाही, त्यामुळे राग म्हणून त्याकडे पाहू नये. पण स्वर तेच. रिदमवाल्यांना याचा काही उपयोग होतो का?

सहा_तारा

संवादिनी, उपयोग होतो तो असा. तुम्ही मांडलेल्या स्वरांतून कॉर्ड काढून बघू. सा, ग, प म्हणजे ई मेजर. कोमल रे, म, कोमल ध म्हणजे एफ मेजर. म, कोमल ध, सा म्हणजे ए मायनर. तिन्ही कॉर्ड त्याच सप्तकात बसतात. ई आणि एफ यांच्यात एकाच पट्टीचं अंतर, म्हणजे बार कॉर्डचा अख्खा पंजा एक पट्टी पुढे सरकवला की झालं. सर्फमध्ये हे ई-एफ-ई सारखं भेटतं, आणि ते का शोभतं ते आज तुमच्यामुळे मला आपल्या भाषेत कळलं. मनापासून धन्यवाद.

'मिसिरलू'त मात्र रिदमवाल्याची खरी कसोटी लागते, कारण बराच वेळ ईच्या पलीकडे जायचंच नाही. वर लीडवाला एका तारेवर भन्नाट वेगानं पिक चालवतोय आणि खाली तुम्ही एकाच कॉर्डवर. अशा वेळी तोच पॅटर्न यंत्रासारखा घासत बसू नका. पहिली दोन आवर्तनं पूर्ण दबकी, मग दोनच्या 'टक-टक'वर तळवा थोडा उचला, पुढच्या ओळीला चारवरही उचला. कॉर्ड न बदलता आवाज उघडत नेता येतो.

थाप

डेलच्या उजव्या हातात दरबुका होता असं मी नेहमी म्हणतो. जीन क्रूपा या जॅझ ड्रमरचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता आणि तो स्वतःही ते सांगायचा. त्याच्या पिकिंगमध्ये आघातांची उतरंड असते, सगळे स्ट्रोक एका जोराचे नसतात.

जाता जाता: आपल्याकडे १९६५च्या 'गुमनाम'मधलं 'जान पहचान हो' ऐका. शंकर-जयकिशन, रफी, पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज. ते सर्फ नाही, पण मुंबईत त्याच काळात इलेक्ट्रिक गिटार किती धारदार वाजत होती ते त्यात ऐकू येतं. आमच्या ड्रमरांच्या गप्पांत ते नेहमी निघतं.

नवखी_बोटं

वाचनखूण साठवली. एक शंका: तारा आणि पिक कुठलं घ्यायचं? माझ्या गिटारवर अगदी पातळ, नऊच्या (सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची) तारा आहेत. दाब-सोड केलं की सूर वर चढतो आणि बेसूर वाटतं.

सहा_तारा

पातळ तारा जास्त दाबल्या की सूर चढणारच. अकराच्या तारा लावा, गिटारला सोसत असेल तर बाराच्या. डिक डेलच्या गिटारवर जाड तार ०.०६० इंचाची असायची, इतक्या टोकाला जायची गरज नाही. जमलं तर फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्यांच्या गुळगुळीत तारा) घ्या. त्यांच्यावरून हात सरकताना चीं-चीं होत नाही आणि आवाज आपोआप लवकर विझतो. जाड तारा लावल्यावर नेकचा बाक आणि इंटोनेशन (सगळ्या पट्ट्यांवर सूर बरोबर लागतो का ते) जाणकाराकडून तपासून घ्या.

पिक मध्यम जाडीचं. फार जाड पिक स्ट्रमला अडकतं, फार पातळ असेल तर गॅलपमध्ये मागे पडतं. पिकअप (तारांचा आवाज उचलणारं चुंबक) मधला किंवा नेककडचा, ब्रिजकडचा लीडवाल्याला सोडा. दोघंही ब्रिजवर गेलात तर एकमेकांच्या अंगावर पडाल. गिटार महागडीच हवी असं काही नाही. फेंडर जॅग्वार १९६२ मध्ये आली तेव्हा तिच्यात तारा दबक्या करायला स्वतंत्र म्यूट बसवलेला होता, पण बहुतेक वादक तळव्यानंच काम भागवायचे.

तारेवरची_कसरत

मंडळी, सगळ्यांचे खूप आभार. काल चौघं बसलो. मी थापनं सांगितल्याप्रमाणे ड्रमरशेजारी उभा राहिलो, रिव्हर्ब पूर्ण बंद. 'वॉक, डोन्ट रन'च्या ए मायनर आणि जीवर दाब-सोड नीट बसतंय, सातव्या पट्टीवरची ई थोडी उशिरा पोचते कारण एफवरून लांब उडी आहे. लीडवाला मित्र म्हणाला, पहिल्यांदाच त्याला स्वतःचा रिव्हर्ब ऐकू आला.

एकच राहिलं. धून संपवायची कशी? आम्ही चौघं चार ठिकाणी थांबतो.

थाप

शेवट ड्रमरकडे द्या. तो शेवटच्या आवर्तनात चारवर स्नेअर मारेल, पुढच्या एकवर सगळे मिळून एक कॉर्ड. बाकी कुणी काही ठरवायचं नाही.

सहा_तारा

आणि ती एकच कॉर्ड अशी आहे की जिचा दाब सोडायचा नाही. ए मायनर वाजू द्या, ट्रेमोलो आर्म (ब्रिजला जोडलेला, सूर लववणारा दांडा) असेल तर हळूच दाबून सोडा, आणि तार स्वतःहून विझेपर्यंत हात लावू नका.

उडीचं म्हणाल तर एफ आठव्या पट्टीवर, पाचव्या तारेपासून धरा. तिथून सातव्या पट्टीवरची ई एकाच पट्टीच्या अंतरावर येते आणि उशीर होणार नाही.